दोन रात्रींचा वनवास

‘वनवास’ आणि ‘वनविहार’ या दोन शब्दांत वन एकच आहे. झाडे तीच, दगडधोंडे तेच, पहाटे अंगावर पडणारे दवही तेच. तरी पहिला शब्द उच्चारला की घरातली म्हातारी माणसे उसासा टाकतात आणि दुसरा उच्चारला की मुले डबे भरायला धावतात. एखाद्या मुलीला सासरी सुख लाभले नाही तर ‘बिचारीच्या नशिबी वनवास आला’ असे आपण म्हणतो. वनविहार मात्र कुणाच्या नशिबी येत नाही. तो रजा काढून, आगाऊ पैसे भरून, हवामानाचा अंदाज पाहून करावा लागतो. वन जर एकच, तर हा फरक आला कुठून? आणि हौसेने सोसलेल्या दोन रात्रींच्या गैरसोयीला काही नैतिक मोल असते काय, की ती निव्वळ करमणूक?

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांशी माझा परिचय बेताचाच. परंतु मास्तरकी करताना आणि कादंबऱ्या लिहिताना माणसाला शब्द तपासून घेण्याची एक खोड जडते. शिवाय हा प्रश्न आम्हा नाशिककरांच्या अगदी उंबऱ्याशी आहे. आमचे गावच एका वनवासाच्या आठवणीवर वसलेले. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा ही नावे आम्ही बसच्या पाट्यांवर रोज वाचतो आणि त्या नावांमागे कधी काळी अरण्य होते हे रोज विसरतो. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की त्याची थोडी आठवण होते. २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली तपोवनात साधूंचे तंबूंचे गाव उभे राहिले, धुन्या पेटल्या आणि आम्ही बायकामुलांसह ते पाहायला गेलो. तंबूत राहणाऱ्याकडे आदराने पाहायचे ही शिकवण आम्हाला लहानपणापासून मिळालेली आहे. तो तंबू कुणाचा आहे हे पाहायचे असते, ही शिकवण मात्र आपली आपणच मिळवावी लागते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना तंबूत राहण्याची मोठी हौस निर्माण झाली आहे. नाशिकहून घोटीमार्गे सत्तरेक किलोमीटर गेले की भंडारदरा लागतो. प्रवरा नदीवर १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. दगडचुन्याची सुमारे ८२ मीटर उंचीची ती भिंत मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावाने विल्सन धरण म्हणून ओळखली गेली. भिंतीमागे साचलेले पाणी डोंगरांच्या फटीफटीत शिरले आणि त्याचे अनेक फाटे झाले. त्यामुळे संध्याकाळी काठावर बसले म्हणजे आपण घाटमाथ्यावर नसून कोकणातल्या एखाद्या शांत खाडीच्या तोंडाशी बसलो आहोत असा भास होतो. एका अंगाला महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटरांचे. दुसऱ्या अंगाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ. भोवतालचे रान १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखले गेले. त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडी, फांद्यांवरून उड्या मारणारे शेकरू आणि रात्री कुठे तरी दूर बिबट्याची चाहूल, असे ते रान आहे.

त्या पाण्याच्या काठावर गावातली तरुण मुले तंबू लावून देतात. माणशी ठरावीक पैसे घेतात आणि त्यात पिठले, भाकरी, भात, चहा, पोहे असे सारे येते. रात्री शेकोटी पेटते, गाणी होतात. मग हळूहळू सगळे गप्प होतात आणि शहरात जिची ओळखच राहिलेली नाही ती गोष्ट भेटते, खरा अंधार. आपल्या घरी अंधार म्हणजे वीज गेल्याची तक्रार. तिथे अंधार ही एक वस्तू असते. तिला वास असतो, आवाज असतो. माझ्या धाकट्या मुलाने पहिल्या रात्री विचारले, “बाबा, एवढे तारे आपल्याकडे का नसतात?” या एका प्रश्नासाठी सगळा खर्च वसूल झाला असे मला वाटले. म्हणूनच या हौसेची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्या आनंदाने लेकरू वर पाहायला शिकते तो आनंद खोटा असू शकत नाही.

पण आनंद खरा आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही. तो प्रश्न माझ्यापुढे प्रथम ठेवला माझ्या वडिलांनी.

वडिलांचे तरुणपण सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात गेले. १९७२ च्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, खडी फोडायची, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खायची आणि रात्री कामाच्या जागीच गोणपाटाच्या पालात झोपायचे, असे त्यांनी अनेक महिने काढले. पुढे नाशिकला कारखान्यात नोकरी लागली, दोन खोल्या झाल्या, नळ आला. आम्ही भंडारदऱ्याहून परतलो तेव्हा त्यांनी नातवाची सारी हकिगत कौतुकाने ऐकून घेतली. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “अरे, ज्या पालातून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली, त्या पालात शिरायला तू माणशी हजार रुपये मोजून आलास?”

ते हसत म्हणाले, आम्हीही हसलो. परंतु काही वाक्ये हसून झाल्यावर घरात राहतात, तसे हे वाक्य राहिले. बापाच्या आयुष्याचे ध्येय जर पालातून सुटणे हे असेल आणि मुलाच्या सुट्टीचे ध्येय पालात जाणे हे असेल, तर दोघांपैकी कुणी तरी चुकत असले पाहिजे. निदान दोघे ‘पाल’ या एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत असले पाहिजेत.

मला दुसरी शक्यता खरी वाटते. गोणपाट आणि आजचे रंगीत कापड यांतला फरक फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाची आहे ती परतीची वाट. माझ्या खिशात घराची किल्ली होती. रविवारी संध्याकाळी तंबू आवरला जाईल, सोमवारी पहाटे पाणी तापलेले असेल हे मला ठाऊक होते, म्हणून दगड टोचला तरी त्याची गंमत वाटत होती. वडिलांच्या खिशात किल्ली नव्हती. त्यांना टोचणारा दगड कधी संपणार हे ठाऊक नव्हते. गैरसोयीचे दुःख तिच्या वजनात थोडे असते; ते पुष्कळसे तिच्या मुदतीत असते. ज्याची मुदत आपण ठरवली तो वनविहार, ज्याची मुदत दुसऱ्याने किंवा दैवाने ठरवली तो वनवास. सुनेच्या नशिबी येतो तो वनवासच, कारण त्याची किल्ली तिच्या हाती नसते.

येथे कुणी म्हणेल की, स्वतःहून पत्करलेल्या कष्टांनाच तर आपण तप म्हणतो. मग हा दोन रात्रींचा मुक्काम लहानसे तपच नव्हे काय? या मुद्द्यावर एका परदेशी माणसाची साक्ष काढण्यासारखी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. त्या तळ्याकाठच्या झाडीत हेन्री डेव्हिड थोरो हा तरुण ४ जुलै १८४५ रोजी राहायला गेला. आपल्या हातांनी त्याने लहानशी झोपडी बांधली आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस तिच्यात राहिला. जमीन त्याचा वडीलधारा मित्र इमर्सन याची होती आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर होते. टीकाकारांनी पुढे त्याला पुष्कळ टोचले की, हा कसला अरण्यवास? आई हाकेच्या अंतरावर, मित्राची जमीन, वाटेल तेव्हा गावात जेवायला जाण्याची सोय! आज ते तळे आणि त्याच्या काठची झाडी तिथल्या राज्य सरकारने उद्यान म्हणून राखली आहे आणि उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला येतात.

टीकाकारांचे म्हणणे खोटे नाही, पण त्यात थोरोचा पराभव आहे असे मला वाटत नाही. आपण तप करतो आहोत असा त्याचा दावा मुळी नव्हताच. त्याने केला तो हिशेब. झोपडीला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट खर्च आला हे त्याने पै-पैसा मांडून लिहून ठेवले. जगायला नेमके काय लागते आणि कशाची केवळ सवय झाली आहे, हे त्याला पाहायचे होते. ते पाहून झाले तसा तो परत आला. हौसेच्या गैरसोयीचा पहिला उपयोग मला हाच वाटतो. तंबूत एक रात्र काढली की एका बादलीत किती माणसांचे तोंड धुऊन होते ते कळते. दोन भांड्यांत स्वयंपाक होतो हे कळते. घरी आल्यावर नळ सोडताना हात क्षणभर थबकतो. हा काही मोक्ष नव्हे, पण शाळेतल्या कुठल्याही धड्याहून तो मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

मात्र हिशेबच करायचा तर तो अर्धा करून चालणार नाही. मी काय खर्च केले एवढे लिहून वही मिटता येत नाही. मी ज्यावर बसलो ती जमीन कुणाची आणि मी ज्याकडे पाहत बसलो ते पाणी कुणाचे, हेही लिहावे लागते.

ज्या गृहस्थाच्या शेतात आमचे तंबू होते तो महादेव कोळी समाजाचा, माझ्याच वयाचा. सकाळी चहाचे पातेले घेऊन आला आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “गुरुजी, आमच्या पणज्याची भाताची खाचरं त्या तिथं खाली हायेत. चांगली जमीन सारी पाण्यात गेली. आम्ही वर सरकलो.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती; शेजारच्या गावचा रस्ता सांगावा तसे त्याने ते सांगितले. मी विचारले, “पण इथं राहायला तुम्हाला छान वाटत असेल ना? केवढी शांतता!” तो हसला. म्हणाला, “गुरुजी, शांतता बघायची तर आषाढात या, श्रावणात या. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, चूल पेटत नाही. पाहुणे हिवाळ्यात येतात, काजव्यांना येतात. पाऊस आमच्या एकट्याचा!”

पाऊस आमच्या एकट्याचा! या तीन शब्दांत आमच्या निसर्गप्रेमाचा सारा जमाखर्च आला. त्या मुलखातले घाटघर हे अतोनात पावसासाठी प्रसिद्ध आहे. त्या पावसाचे सौंदर्य आमच्या वाट्याला येते आणि ओल त्यांच्या. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या खाचरांवर पाणी चढले ते त्यांच्या भल्यासाठी नव्हे. ते खालच्या दुष्काळी मुलखासाठी होते. धरणातून सुटलेले पाणी प्रवरेने खाली येते, संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्याशी अडते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. त्या पाण्याने तो कोरडा प्रदेश हिरवा केला. ऊस आला. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकारी साखर कारखान्यांत आशिया खंडातला तो पहिला मानला जातो. हजारो शेतकऱ्यांच्या घरी त्याने सुबत्ता आणली, शाळा-कॉलेजे आणली. हे सारे मोलाचे आहे. तेव्हा कुणी धरणाला शिव्या द्याव्यात असे मी म्हणणार नाही.

पण त्याच पाण्याच्या खालच्या टोकाला आणखी एक तंबू आहे आणि त्याकडे वनविहाराला निघालेल्या आपल्या गाडीतून सहसा कुणाची नजर जात नाही. दिवाळी आटोपली की साखर कारखान्यांचा हंगाम भरात येतो. बीडकडची, पाथर्डीकडची, आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागातली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, गाडीत भांडीकुंडी आणि लेकरे भरून उसाच्या पट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणी अवजाराने होते. ती माणसे माळावर कोप्या घालून राहतात. बांबूचे, पाचटाचे, ताडपत्रीचे ते निमुळते खोपट, आत वाकून शिरावे लागते. पहाटेच्या अंधारात उठायचे, थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पाच-सहा महिने हा मुक्काम चालतो. धरणाच्या वरच्या काठावर हौसेचा तंबू, खालच्या काठावर पोटाचा तंबू आणि दोहोंच्या मधून वाहते ती एकच प्रवरा.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईबाप दरवर्षी उसाला जातात. ती शिकायला म्हणून नाशिकला मामाकडे राहिली आहे. गेल्या जानेवारीत शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली, तेव्हा तीही आली होती. तंबू उभारताना बाकीची मुले दोऱ्या हातात घेऊन एकमेकांना हसत होती. ही पोरगी मात्र आधी जमिनीवरून हात फिरवून खडे वेचत होती. मग तिने मला सांगितले, “गुरुजी, तोंड वाऱ्याच्या उलटीकडं करा, नाही तर रात्री पोरं गारठतील.” तिचे बरोबर होते. परत आल्यावर मी वर्गाला निबंध दिला, ‘तंबूतील एक रात्र’. सगळ्यांनी शेकोटी, चांदणे, भुताच्या गोष्टी असे दोन-दोन पाने लिहिले. तिने पाचसहा ओळींत संपवले. शेवटी लिहिले होते, ‘हा तंबू मला आवडला, कारण इथे पहाटे कोणी आईला उठवायला आले नाही.’

इतकी वर्षे मी मुलांचे निबंध तपासतो आहे. शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघ ओढायची, हे माझे काम. त्या ओळीत एकही चूक नव्हती. वनवास आणि वनविहार यांतला जो फरक मी इतक्या शब्दांत मांडू पाहतो आहे तो तिने एका ओळीत मांडला होता, आणि तोही रागाने नव्हे. तंबूचे कौतुक करता करता!

मग काय करावे? या हौशी बंद कराव्यात? उसाच्या कोप्या आहेत म्हणून माझ्या मुलाने तारे पाहू नयेत? असे म्हणणे सोपे आहे, आणि ते ऐकायला मोठे उदात्तही वाटते. पण आमचे यजमान म्हणाले होते की, तंबूंमुळे गावातली चार पोरे मुंबई-नाशिकच्या वाटेला न लागता घरी राहिली. मी घरी बसून राहिल्याने त्या मुलीच्या आईची पहाट उशिरा होणार नाही. त्यागाचा उपयोग कुणाला, हे न पाहता केलेला त्याग ही देखील एक हौसच असते.

अशा वेळी मी आमच्या गावच्या कथेकडे वळतो. रामायणातल्या वनवासाची गोष्ट सांगताना आपण राम, सीता आणि लक्ष्मण यांच्यापाशी थांबतो. पण त्या कथेत दोन रात्रींचे वनविहारीही आहेत. राम अयोध्येतून निघाला तेव्हा प्रजाजन त्याच्या रथामागे गेले आणि पहिल्या रात्री तमसेच्या काठी त्याच्याबरोबर उघड्यावर झोपले. पहाटे ते जागे होण्यापूर्वीच राम निघून गेला. जागे झाल्यावर त्यांनी शोक केला आणि ते आपापल्या घरी परतले. त्यांचे प्रेम खोटे नव्हते, अश्रू खोटे नव्हते. पण कवीने त्यांच्या त्या रात्रीला तप म्हटले नाही. नदीकाठच्या झाडीत एक रात्र काढून परतणारे आपण सारे त्या अयोध्यावासीयांच्या कुळातले आहोत.

पुढे शृंगवेरपुराला निषादांचा राजा गुह भेटतो. तो वनातला यजमान. नाना पदार्थ घेऊन पुढे येतो. राम त्याला प्रेमाने आलिंगन देतो आणि आपल्यासाठी काही न घेता केवळ घोड्यांसाठी चारा मागतो. यजमानाचा मान राखायचा आणि त्याच्या घरातून गरजेपुरतेच घ्यायचे, हा पाहुणचाराचा केवढा मोठा धडा त्या एका मागणीत आहे! आपण रानात जातो तेव्हा गुहाच्या दारी गेलेलो असतो, हे मनात धरले की वागण्याचे नियम कुणी फलकावर लिहून लावावे लागत नाहीत.

अभयारण्य या शब्दातच तो नियम आहे. अभय द्यायचे ते आत जाणाऱ्याने. जूनच्या सुमारास, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तिथल्या झाडांवर काजव्यांचे लाखो दिवे लागतात. तो उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद. मोठी झालेली ती कीड थोडेच आठवडे जगते. तेवढ्यात जोडीदार सापडला नाही तर वंश खुंटतो. आपण गाडीचे दिवे तिथे रोखले, विजेऱ्यांचे झोत फिरवले, की त्या सादेला उत्तर मिळत नाही. अलीकडे वनखात्याने तिथे वेळेची आणि दिव्यांची बंधने घातली आहेत, ती म्हणूनच. दिवाळीत आपण दिवा लावतो; तिथे दिवा मालवणे हीच दिवाळी. यजमानाशी पैशांची घासाघीस न करणे, ध्वनिक्षेपक घरी ठेवणे, आणलेला कचरा परत नेणे, हे सारे त्याच अभयात येते.

पण कथा गुहापाशी संपत नाही. रामाच्या शोधात भरत त्याच ठिकाणी येतो. गुह त्याला इंगुदीच्या झाडाखालची एक जागा दाखवतो. तिथे राम आणि सीता ज्या गवतावर निजली ते गवत अजून चुरगळलेले असते. भरत ते अंथरूण पाहतो. एवढेच, त्या गवतावर तो निजलेला नाही, त्याला कुणी वनात धाडलेले नाही. पण ते पाहून त्याचे आयुष्य बदलते. आजपासून मीही जमिनीवर निजेन, वल्कले नेसेन, असे तो म्हणतो. पुढे नंदिग्रामात पादुका पुढे ठेवून राज्याचा कारभार पाहताना तो शब्द तो चौदा वर्षे पाळतो. त्याच्या हातात किल्ली होती, सारे राज्य होते. तरी दुसऱ्याच्या गवताच्या अंथरुणाची आठवण त्याने आपल्या घरात नेली.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. हौसेने सोसलेल्या गैरसोयीला तिच्या जागेवर काही मोल नसते. तमसेच्या काठी झोपलेल्या सगळ्यांनी सारखेच दव अंगावर घेतले. मोल ठरते ते घरी परतल्यावर. परतीची वाट ज्याला आहे, त्याने त्या वाटेवरून रिकाम्या हातांनी येऊ नये. तंबूत दगड टोचला तर तो टोचणारा दगड आठवणीत घेऊन यावा आणि ज्यांना तो रोज टोचतो त्यांची ओळख विसरू नये.

आपण कुणी भरत नव्हे. वल्कले नेसा म्हटले तर आपल्याला ती शिवून घ्यावी लागतील! पण आपल्या ऐपतीचे नंदिग्राम प्रत्येकाला सापडते. माझ्यासारख्या मास्तराचे ते हजेरीच्या पटात आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्यांची बाके रिकामी होतात अशा मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहांची योजना आली. ती आपल्या गावात चालते की कागदावरच राहते, मूल मार्चमध्ये परत आले तर त्याला त्याच्या वर्गात सन्मानाने बसता येते की नाही, हे पाहणारे कुणी तरी लागते. शेतकऱ्याचे नंदिग्राम त्याच्या माळावर आहे. तिथे कोपी उभी राहिली तर तिच्या दाराशी पाण्याचा नळ आणि बायकांसाठी आडोसा आहे की नाही. गृहिणीचे तिच्या स्वयंपाकघरात आहे. निदान मुलांना एवढे सांगावे की, या करंजीतली साखर कुठून कुठून आली.

सध्या घरोघर फराळाची ताटे भरलेली असतील. अनारशावर खसखस चिकटली असेल. ते सारे मनसोक्त खावे. सणाच्या दिवशी घास कडू करण्यात पुण्य नाही. पुढच्या सुट्टीत रानातही जावे, मुलांना अंधार दाखवावा, तारे दाखवावेत. फक्त त्या पाण्याकाठी बसले असताना त्यांना नदीची दिशाही दाखवावी. ही प्रवरा इथून कुठे जाते असे विचारावे. बोटाने दाखवत दाखवत ती ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून उसाच्या फडापर्यंत, फडाच्या कडेला उभ्या असलेल्या कोपीपर्यंत न्यावी. आणि मग आणखी पुढे, नेवाशाजवळ प्रवरासंगमापर्यंत, जिथे ती आमच्या नाशिकच्या गोदावरीला येऊन मिळते. पंचवटीच्या घाटावरून वाहत गेलेले पाणी आणि त्या कोपीजवळून वाहत गेलेले पाणी तिथे एक होते. त्यात वनवासाचे कोणते आणि वनविहाराचे कोणते, हे कुणाला निवडून काढता येत नाही.